चाळकेवाडीच्या सड्यावर उलटलेलं छत

साताऱ्यात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. टेम्पोचे हौदे, ताडपत्रीच्या कमानी, गेट, ग्रिल ही रोजची कामं. हल्ली अधूनमधून कॅरॅव्हॅनही येतात, म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या. या गाड्यांच्या कुशीला, वरच्या अंगाला एक लांबोडकी पेटी असते आणि तिच्यात गुंडाळलेलं कापडी छत. ऑनिंग म्हणतात त्याला. हँडल फिरवलं की घडीचे दोन हात कापड बाहेर ढकलतात. पुढच्या पट्टीतले दोन पाय खाली टेकवले की सावली तयार.

मे महिन्यातली दुपार कलली होती तेव्हा फोन आला. चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या पठारावर, एका कुटुंबाच्या गाडीचं ऑनिंग उलटं होऊन टपावर गेलं होतं. गाडी हलवायची भीती वाटत होती, कारण तुटकं लोखंड बाजूला लोंबत होतं. पोऱ्याला घेतलं, पिकअपमध्ये शिडी, पाने, रॅचेटचे पट्टे टाकले आणि बोगदा ओलांडून ठोसेघरच्या रस्त्याला लागलो.

वर पोचलो तर नजर जाईल तिकडं पवनचक्क्या. वारा भरपूर म्हणून तर त्या इथं उभारल्या, आणि मंडळी नेमकी तिथंच कापड पसरून बसलेली. गिऱ्हाइकाला असं तोंडावर बोलता येत नाही, पण मनात येतंच.

पुढची पट्टी टपावरच्या सोलर पॅनलवर आडवी पडली होती. डावा हात कोपरातून मोडलेला. उजवा मात्र शाबूत आणि अर्धवट दुमडलेला, म्हणजे आतली स्प्रिंग ताणातच. मला भीती या हाताचीच होती. पट्टीपासून तो सुटला असता तर झटक्यात उघडून समोरच्याचा जबडा फोडला असता. गाडीवाले साहेब शिडी लावून तोच हात ओढायच्या बेतात होते. त्यांना आधी खाली उतरवलं.

"दादा, चारी बाजूंनी खुंट्या ठोकल्या होत्या हो," ते म्हणाले. "आणि गाडीची पाठ वाऱ्याकडं केली होती."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. खुंट्या मी बघितल्या, बोटभर आत जाऊन वाकलेल्या. सड्यावर मातीचा पातळ थर आणि खाली जांभा, तिथं खुंटी काय धरणार? पाठीचं म्हणाल तर सकाळपासून वारा पश्चिमेचा होता, म्हणून त्यांनी ऑनिंग पूर्वेच्या आडोशाला उघडलं. एरवी शहाणपणाचंच काम. पण दिवस वळवाचे. जवळच्या चक्क्यांवरचे वॉचमन मामा तिथं उभे होते, त्यांनी एका वाक्यात निकाल दिला. "वळीव येतो उगवतीकडनं, आन् ह्यांनी उगवतीलाच तोंड उघडं ठिवलेलं."

वळवाच्या ढगातून गार हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चौफेर पसरते. पावसाच्या आधी ती झोताने येते, तीही बरोबर उलट्या दिशेनं. कापडाखाली शिरली की मागं गाडीची भिंत, वर कापड, जायला वाटच नाही. कापड होतं 3 मीटर बाय अडीच. ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यात एवढ्या कापडाला साधारण सव्वाशे किलोचा रेटा बसतो. ताशी 30 च्या वाऱ्यात हाच रेटा त्याच्या चौथाई असतो, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून "मघाशी तर व्यवस्थित टिकलं होतं" या बोलण्याला काही अर्थ नसतो.

काम सुरू केलं. शाबूत हात आधी आणखी दाबून पूर्ण मिटवला, त्याला दोन ठिकाणी पट्टे आवळले आणि मगच पट्टीचा बोल्ट सैल केला. पोऱ्याला हाताच्या रेषेत उभं राहू दिलं नाही. मोडलेला हात काढून खाली दिला. कापड हातानं गुंडाळायला घेतलं तेवढ्यात मामांनी हाक मारली, "पावनं, आवरा. पल्याडच्या चक्क्या तोंड फिरवाया लागल्यात."

बघितलं तर पूर्वेकडच्या रांगेतल्या चक्क्यांची डोकी हळूहळू आमच्याकडून पलीकडं वळत होती. आमच्या अंगाला अजून वारा पश्चिमेचाच लागत होता. मग बारीक काम बाजूला ठेवलं. गुंडाळी आणि पट्टी एकत्र करून टपाच्या कॅरिअरला पट्ट्यांनी जखडली आणि खाली उडी मारली. लांब गडगडलं होतं. उघड्या सड्यावर, लोखंडी शिडीवर त्यानंतर कुणी थांबू नये. आम्ही सगळे, मामांसकट, गाडीत शिरलो आणि दार लावलं तोच दणका बसला. गाडी पाळण्यासारखी हलत होती. वहिनींनी तेवढ्यात चहा टाकला, साहेब टपाकडं कान लावून बसले होते. जखडलेली गुंडाळी जागची हलली नाही.

पाऊस ओसरल्यावर साहेबांनी वहीच काढली. सांगितलं ते असं. झोपताना आणि गाडी सोडून जाताना ऑनिंग आत, आभाळ कसंही असो. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर उघडलंच तर हँडल खिशात ठेवायचं, म्हणजे वारा फिरला की लगेच मिटवता येतं. साध्या पावसात एक पाय दुसऱ्यापेक्षा खाली घ्यायचा, म्हणजे पाणी एका कोपऱ्यातून निघून जातं. नाहीतर 20 मिलिमीटर पावसात त्यांच्या कापडावर दीडशे लिटर पाणी, म्हणजे दीडशे किलो वजन साठू शकतं. कापडावरून आडवा पट्टा टाकून दोन्ही टोकं खाली बांधायची, पण सड्यावर खुंटीऐवजी भरलेले पाण्याचे कॅन किंवा वाळूची पोती. ओलं गुंडाळावं लागलं तर दुसऱ्या दिवशी उन्हात उघडायचं, नाहीतर बुरशी धरते. हादरे बसले की आपोआप मिटणाऱ्या मोटरच्या ऑनिंगचंही त्यांनी विचारलं. मिटायला त्याला वेळ लागतो आणि वळवाचा पहिला झोत तेवढा वेळ देत नाही, त्यामुळं माझा त्यावर फार भरवसा नाही.

गाडी भाड्याची होती. दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला, "नवीन हात जाड लोखंडाचे बनवून द्या, परत मोडता कामा नयेत." मी नाही म्हणालो. पेटी ज्या भिंतीला बोल्टनी धरलीय ती फायबरची आहे. हात मोडले नाहीत तर तोच रेटा भिंतीवर जाईल आणि ब्रॅकेट पत्र्यासकट उपटून येतील. हात बदलायला एक दुपार पुरते, भिंतीला गाडी महिनाभर कारखान्यात. आधी होता तसलाच हात मागवा म्हटलं, बसवून देतो, आणि त्याबरोबर दोन जादा पट्टेही घ्या.