शाम्पू, डोळे, भात: तुम्ही विचारलंत म्हणून

प्रश्न बहुधा असा येतो: "ताई, तुम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात बसता म्हणे. मग पनवेलला भाताच्या शेतात काय करत होतात? आणि आमच्या सुनेच्या कंपनीत शाम्पूच्या मीटिंगलाही तुम्हीच होतात ना?"

हो, मीच. मी डॉक्टर नाही, कृषी पदवीधर नाही, मार्केटिंगमधलीही नाही. संख्याशास्त्र शिकले, राहते ठाण्यात, नौपाड्यात. ज्यांच्याकडे आकडे गोळा झालेत पण त्यांचं पुढे काय करायचं ते सुचत नाही, अशांची कामं घेते. त्यामुळे मोतीबिंदू पिकलाय का, हे कृपा करून मला दाखवू नका.

एकाच बाईला एवढ्या विषयांतलं कसं कळतं? नाही कळत. पण या सगळ्यांचं आकड्यांचं दुखणं पुष्कळदा एकच असतं: मोजताना 'एक' कशाला म्हणायचं?

शाम्पूपासून सांगते. कंपनीला 300 घरांचं मत हवं असतं. फील्डवरची मुलगी घोडबंदर रोडला जाते. गेटवर सिक्युरिटी हटकते: कुणाकडे जायचंय, फ्लॅट नंबर सांगा, त्यांना फोन लावून द्या. एकदा कशीबशी आत शिरली की ती काय करणार? त्याच विंगमध्ये दहा बेल वाजवणार. मी तिला बोल लावत नाही, तिला फॉर्ममागे पैसे मिळतात. पण त्या दहा घरांत पाणी एकाच टाकीतलं, त्यात बोअरचं मिसळलेलं, म्हणून फेस येत नाही ही तक्रारही सगळीकडे तीच. खाली दुकान तेच. उरलंसुरलं मत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकसारखं होतं.

याचा हिशेब सोपा आहे. एका ठिकाणची घरं दहा, त्यातून एक वजा करा, नऊ. शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या मतातलं साम्य 0.2 धरा (0 म्हणजे काहीच साम्य नाही, 1 म्हणजे तंतोतंत तेच). नऊ गुणिले 0.2, अधिक एक, म्हणजे 2.8. आता 300 ला 2.8 ने भागा. हातात 107 घरं राहतात. पैसे 300 फॉर्मचे गेले, माहिती 107 घरांएवढी आली. हे सांगितलं की मीटिंगमध्ये पहिली शांतता होते, मग कुणीतरी चहा मागवतं.

डोळ्यांचं दुखणं याहून जवळचं. 100 रुग्ण, 200 डोळे. डोळ्यातला दाब, चष्म्याचा नंबर, मधुमेहाने पडद्यावर झालेले बदल, हे डाव्या-उजव्यात बरंचसं सारखं असतं. रक्त एक, वय एक, आईवडील तेच. तरी प्रबंधात 'नमुना 200' असं हमखास लिहून येतं. उलट, एका डोळ्यावर नवा उपचार आणि दुसऱ्यावर जुना अशी तुलना मुळातच आखली असेल, तर तेच साम्य फार उपयोगी पडतं, कारण दोन्ही डोळ्यांचा मालक एकच. साम्य वाईट नाही. ते हिशेबात न धरणं वाईट.

आणि कधी कधी त्या साम्यातच उत्तर असतं. रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग. फ्लॅशवर काढलेल्या फोटोत बाळाची एक बाहुली लाल न दिसता पांढरी चमकते, आणि कित्येकदा ते आधी आईच्या लक्षात येतं. (तुमच्या फोनमध्ये असा फोटो असेल तर हा लेख राहू द्या, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.) काही मुलांना तो एका डोळ्यात होतो, काहींना दोन्ही. अल्फ्रेड नड्सन या अमेरिकी डॉक्टरांनी 1971 साली अशा 48 मुलांच्या नोंदींवर एक लेख लिहिला. त्यात प्रयोगशाळा नाही. निदान झालं तेव्हा वय किती, रोग एका डोळ्यात की दोन्ही, गाठी किती, घरात आणखी कुणाला होता का, एवढंच. दोन्ही डोळ्यांवाल्या मुलांचं निदान लहान वयात झालेलं. कुठल्या वयापर्यंत किती मुलं निदानाची राहिली होती, याचा त्यांनी लॉग मापावर, म्हणजे दर पायरीला सारख्या पटीने बदलणाऱ्या मापावर, आलेख काढला. दोन डोळ्यांवाल्यांची रेघ सरळ उतरली, एका डोळ्यावाल्यांची वाकली. घाव म्हणजे पेशीतल्या जनुकात झालेला बिघाड. सरळ रेघेचा अर्थ एक घाव पुरतो, वाकड्या रेघेचा अर्थ दोन लागतात. म्हणजे दोन डोळ्यांवाल्यांनी एक घाव जन्मतःच आणलेला होता, पेशी-पेशीत.

मला यातला सगळ्यात आवडता आकडा वेगळाच आहे. जन्मतः घाव घेऊन आलेल्या मुलाला सरासरी तीन गाठी होतात, असा त्यांचा हिशेब निघाला. गाठी निव्वळ योगायोगाने होत असतील आणि सरासरी तीन असेल, तर एकही गाठ न होणारे शेकडा पाच निघतात. म्हणून कधी कधी रोग आजोबांना होतो, नातवाला होतो, आणि मधला बाप ठणठणीत असतो. ते जनुक प्रत्यक्ष हाती लागलं 1986 साली, तेराव्या गुणसूत्रावर. तोवर पंधरा वर्षं ते फक्त दोन रेघांच्या आकारात होतं.

घराण्याचा विषय निघालाच आहे तर: सख्ख्या भावंडांत निम्मी जनुकं समान, आते-मामे भावंडांत आठवा हिस्सा. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत असल्याने वंशावळ काढायला बसलं की दूर गेलेल्या रेघा पुन्हा एकत्र येतात. ही नाती गणितात बसवायची रीत दवाखान्यातून आलेली नाही, गोठ्यातून आली. अमेरिकेत चार्ल्स हेंडरसन यांना वळूंची प्रतवारी करायची होती. वळू दूध देत नाही, तेव्हा त्याची परीक्षा लेकींच्या दुधावरून. तीच समीकरणं आज आनुवंशिक डोळ्यांच्या आजारांना लागतात आणि भाताच्या वाणांनाही.

आता भात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पनवेल-1, 2, 3 हे वाण खाऱ्या जमिनीत तग धरतात, हे इकडच्या शेतकऱ्यांना सांगायला नको. अशी जमीन चाचणीला फार अवघड. खाडीच्या बांधालगत मीठ जास्त, आत यावं तसं कमी. उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, भरतीचं पाणी शिरलं तर सगळंच बदलतं. म्हणून बांधाला समांतर पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात सगळे वाण आणि जोडीला तुलनेसाठी एक जुना वाण, आणि कुठला वाण कुठल्या वाफ्यात ते चिठ्ठ्या टाकून. लावणीला आलेल्या बायकांना हे अजिबात पटत नाही. चांगलं बी चांगल्या जागेत लावायचं सोडून या चिठ्ठ्या कसल्या? पण चांगलं बी चांगल्या जागेत लावलं, तर पीक बियाणामुळे आलं की जागेमुळे, ते कोण सांगणार?

कापणीला कडेच्या ओळी आधी कापून बाजूला ठेवायच्या. त्यांना ऊन-वारा जास्त मिळतो. मग प्रत्येक वाफ्यातले दहा चूड, म्हणजे एकेका जागी लावलेले रोपांचे झुबके, निवडून उंची मोजायची, लोंब्या मोजायच्या. इथे विद्यार्थी मला वहीत दाखवतो: दहा चूड, तीन पट्टे, प्रत्येक वाणाच्या तीस नोंदी. नाही रे बाबा, तीन. दहाही चूड एकाच वाफ्यातलं मीठ प्यालेत. ते घोडबंदरच्या विंगमधले दहा फ्लॅट आहेत.

चिठ्ठ्यांची ही शिस्त संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती केंद्रावर बसवली. आपल्याकडे पानसे आणि सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांनी तिच्या जोरावर पीक कापणी प्रयोग रुजवले: चिठ्ठीने निवडलेला शेताचा तुकडा कापायचा आणि त्यावरून सगळ्या भागाचं उत्पन्न काढायचं. सुखात्मे साताऱ्यातल्या बुधचे. विम्याच्या निमित्ताने शेतकरी आजही त्या प्रयोगांवर भांडतात, आणि भांडणाचा मुद्दा बहुतेक वेळा हाच: तुम्ही कुणाचा तुकडा कापलात आणि तो आमच्या गावाचा कसा?

पैसे कशात मिळतात, हाही प्रश्न असतोच, फक्त दोन मिनिटं थांबून येतो. शाम्पूत. भाताचं बिल पनवेल लोकल आणि पुढच्या रिक्षात संपतं, क्वचित वर तांदूळ मिळतात. डोळेवाले प्रबंध जमा करायच्या दोन दिवस आधी फोन करतात आणि तेव्हा माझ्या हातात करण्यासारखं फारसं नसतं. त्यांनी फॉर्म छापायच्या आधी फोन केला, तर मी पैसेही कमी लावीन.