मोजणारी बाई

रात्री अडीचला माझ्या कानात एक बाई म्हणते, "आता श्वास सोडा... सावकाश." बाई फोनमधली. आवाज मऊ, पण मराठी अशी, की गाडी वीस मिनिटं उशिरा धावतेय हे सांगायला बसवलेली वाटावी.

मार्च एंडच्या धामधुमीत माझ्या छातीत धडधड सुरू झाली. ईसीजी स्वच्छ निघाला. मग डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जोडीला ही बाई.

पहिल्या रात्री तिचा हुकूम होता: चार आकडे श्वास घ्या, सात धरा, आठ सोडा. पाचालाच माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. तेवढ्यात खालचं कुत्रं भुंकलं, माझा आकडा चुकला आणि बाई पुढे निघून गेली. ऑफिसात मागे पडते ते पडते, आता श्वासातही!

डॉक्टर हसले. म्हणाले, धरू नका, चारात घ्या, सहात सोडा. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी नुसतं बसलेला माणूसही बारा ते वीस घेतो. यातली गंमत मनगटावर बोट ठेवलं की कळते. श्वास आत जाताना नाडी जरा घाई करते, सोडताना रेंगाळते. मेंदूकडून पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नस तेव्हा हृदयाचा लगाम ओढते म्हणे. म्हणून सोडणं लांबवायचं. (घेण्यात माझा हात कोणी धरला नसता. सोडणं मात्र मला कुठल्याच बाबतीत जमत नाही.)

२००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. काहींना लॅटिनमधली 'आवे मारिया' ही ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लावली, आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्रही. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. वाचलं आणि आजीची तुळशीची माळ आठवली. अंगठ्यानं एकेक मणी ओढत ती पुटपुटायची, आणि मी रडत, धापा टाकत आले की माळ न थांबवता दुसरा हात पाठीवर ठेवायची. "दम खा आधी. मग सांग." तो हात पाठीवरून सावकाश खाली उतरायचा, तसा माझा हुंदकाही. ती काही मोजत नव्हती. तरी मोजायचं काम आपल्याकडे नाही, एवढं मला नक्की कळायचं.

परवा बाई 'श्वास घ्या' म्हणाली आणि नेट गेलं. मी छाती फुगवून ताटकळत बसले. शेवटी नवऱ्याला हलवलं, "अहो, जरा आकडे मोजता का?"

"एक... दोन... तीन..." तिनावर तो घोरायला लागला.

मी ऐकत राहिले. चारात आत, सहात बाहेर. अगदी बरोबर.