डब्यांखालची तारीख

घटस्थापनेला चार दिवस उरले असताना आम्ही स्वयंपाकघर आवरायला काढले आणि सर्वांत वरच्या फळीवरचे मोठे डबे उतरवल्यावर त्यांच्याखाली पसरलेला वर्तमानपत्राचा कागद हाती आला. कागद पिवळा पडला होता, कडा बोटांत चुरत होत्या, गोडेतेलाच्या डब्याने त्यावर एक अखंड वर्तुळ उमटवले होते आणि पानाच्या माथ्यावरची तारीख मात्र स्पष्ट वाचता येत होती. ती तीन वर्षांपूर्वीची होती. याचा अर्थ मधल्या काळात आम्ही त्या फळीला हातही लावलेला नव्हता आणि ‘यंदा सगळे अगदी नीट झाले’ असे जे दरवर्षी दसऱ्याच्या दिवशी एकमेकांना सांगत होतो, ते धादांत खोटे होते.

आमच्या घरी फळ्यांवर कागद घालण्याचे खाते माझ्याकडे आहे. पत्नीने तो कागद दोन बोटांत धरून माझ्यासमोर नाचवला आणि सांगितले की हा रद्दीचा कारभार आता पुरे, सगळ्या फळ्यांवर आणि खणांत पुसता येईल असे काहीतरी आणून घाल. मी हो म्हटले. कामाला एक दुपार पुरेल असे वाटले होते, त्याला जवळजवळ पंधरवडा लागला.

वर्तमानपत्राशी माझा संबंध जुना आहे. चिपळूणच्या घरी भिंतीतले फडताळ होते आणि त्याच्या फळ्यांवर आई कागद नुसता पसरत नसे. पुढची कड चार बोटे खाली लोंबती ठेवून ती कागदाची पंख्यासारखी घडी घालायची आणि कात्रीने तिरके काप द्यायची, म्हणजे घडी उलगडली की फळीला त्रिकोणांची झालर लागलेली असे. मसाल्याच्या खणात मात्र वर्तमानपत्र चालत नसे, तिथे ‘कालनिर्णय’ची सरत्या वर्षाची पाने जात. ते कॅलेंडर १९७३ साली सुरू झाले आणि त्याच्या पानांमागे लेख व पाककृती छापलेल्या असतात, त्यामुळे हळद काढायला पाठवलेला मुलगा बराच वेळ परत येत नसे. आईची त्यावर तक्रार अशी होती की मी मजकूर वाचण्यासाठी डबे सरकवतो आणि परत जागेवर ठेवत नाही.

वर्तमानपत्राच्या कागदात या कामाचे गुण उपजतच आहेत. तो चौरस मीटरला साधारण ४५ ग्रॅम वजनाचा, पातळ आणि सच्छिद्र असतो. छपाईची शाई पटकन शोषली जावी म्हणून तो तसा केलेला असतो, आणि म्हणूनच तो डब्याच्या बुडाचे तेलही शोषून घेतो. लाकडाच्या लगद्यातले लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारे द्रव्य, त्यात तसेच राहिलेले असल्यामुळे हवा आणि उजेड लागून तो पिवळा पडतो. म्हणजे तारीख वाचायचा कंटाळा आला, तरी रंगावरून वय कळते. गुळगुळीत रंगीत पुरवणी याबाबतीत अगदी कुचकामी आहे, कारण तिच्या लेपामुळे तेल वर तरंगते आणि डबा तेल घेऊन फळीभर फिरतो. तिचा उपयोग पुस्तकांना कव्हर घालण्यापुरताच.

दोषही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कोकणातल्या पावसाळ्यात हा कागद दमट होऊन फळीलाच चिकटतो, त्याला बुरशी येते आणि कसर तर त्याची वाटच पाहत असते. त्याहून मोठा दोष शाईचा. अन्न वर्तमानपत्रात बांधू नये, अशी सूचना भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१६ साली काढली आणि २०१८च्या पॅकेजिंगच्या नियमांत अन्न गुंडाळण्यासाठी व साठवण्यासाठी वर्तमानपत्र वापरायला मनाईच केली. नियम वडेवाल्यासाठी आहे, माझ्या फळीसाठी नाही, आणि झाकणबंद डब्यातल्या तूरडाळीला खालच्या अग्रलेखाचा काही उपद्रव होत नाही, हे खरे. पण आपण पेले आणि वाट्या उपड्या ठेवतो. ज्या कडेला ओठ लागायचे ती कड थेट शाईवर टेकलेली असते आणि भांडी पुरती कोरडी न करता मांडायची सवय असली तर ओल्या कडेचा ठसाही कागदावर दिसतो. एवढ्या एका मुद्द्यावर मी पत्नीपुढे शस्त्रे खाली ठेवली.

मग पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळी गाठली. एका दुकानात उभ्या करून ठेवलेल्या गुंडाळ्यांचे जंगलच होते. फुलाफुलांचे पातळ प्लास्टिक होते, ते स्वस्त आहे, पण डबा सरकवला की तेही सोबत सरकते आणि त्याला पडलेली सुरकुती पुन्हा जात नाही. जाड पारदर्शक पीव्हीसी होते. ते दिसायला देखणे, मात्र गुंडाळी उलगडताच असा वास आला की त्याच्या शेजारी पोळ्यांचा डबा ठेवायची कल्पना सहन होईना. दुकानदार म्हणाले, “साहेब, दोन दिवस गच्चीत टाका, वास उडून जातो.” मागे चिकट थर असलेला कागद मी हातातही घेतला नाही. भाड्याच्या एका घरात तो सुरी आणि गरम पाणी घेऊन खरवडताना माझी एक अख्खी दिवाळी गेली आहे. शेवटी बारीक रेघारेघांचे, किंचित लवचीक असे ईव्हीए नावाचे रबरासारखे प्लास्टिक घेतले. त्यावर बरण्या घसरत नाहीत आणि खण जोरात ओढला तरी चमचे एका बाजूला गोळा होत नाहीत.

गुंडाळीची रुंदी ४५ सेंटिमीटर होती. आमच्या खणांची आतली रुंदी १८ इंच, म्हणजे ४५.७ सेंटिमीटर. आमचे सुतार अजून सुतांत बोलतात आणि आठ सुतांचा एक इंच होतो. त्या हिशेबाने प्रत्येक खणात जेमतेम दोन सूत पट्टी उघडी राहिली आणि आठवडाभरात मोहरीने नेमकी तीच जागा शोधून काढली. यावर उपाय म्हणजे तुकडा आडवा कापायचा. त्यात माल बराच वाया जातो, पण मोहरी उभीच हरते. शिवाय गुंडाळीतून निघालेला तुकडा कडेने वर वळतो. तो उलट्या बाजूने गुंडाळून ठेवला किंवा रात्रभर गादीखाली दाबला की सरळ होतो. आमच्या गादीखाली त्या आठवड्यात सात तुकडे होते.

महिनाभर सारे सुरेख चालले. मग सिंकशेजारच्या खणात, कधीतरी ओला झारा ठेवला गेला असावा, पाणी रेघांतून कडेला उतरून खाली गेले आणि तिथेच राहिले. वरून पुसले तर सगळे लख्ख. तुकडा उचलला तेव्हा खालच्या पार्टिकल बोर्डाची कड फुगून सनमायका सुटू लागला होता. कागद असता तर ओला झाला असता, फाटला असता, डाग दाखवून बोंबलला असता. पाणी न शोषणे हा ज्या वस्तूचा गुण म्हणून मी पैसे मोजले, तिने पाणी माझ्यापासून लपवून ठेवले होते. आणि त्या तुकड्याकडे पाहून तो शेवटचा केव्हा उचलला होता हे सांगण्याची काही सोय नव्हती. तो आजही पहिल्या दिवसाइतकाच करडा होता, तीन वर्षांनीही तसाच असेल, आणि आम्ही तितकी वर्षे स्वतःला शाबासकी देत राहू.

म्हणून आता वाटणी केली आहे. चमच्यांच्या आणि बरण्यांच्या खणात ईव्हीए आहे आणि ते दर महिन्याला उचलून खालून पुसायचे असे ठरले आहे. पेल्यांखाली पांढरे सुती कापड घातले असून ते पंच्यांबरोबर धुण्यात जाते. ट्रॉलीच्या तारांच्या जाळीत छोट्या वाट्या तिरक्या होतात, तिथे ताठ ॲक्रिलिकचा पत्रा कापून घेतला. सिंकखाली काहीच घातलेले नाही, तिथला कडप्पा उघडाच बरा. तेलाच्या आणि लोणच्याच्या बरण्यांसाठी मात्र ईव्हीएवर वर्तमानपत्राची चौघडी ठेवतो, आणि तिच्यावरच्या वर्तुळाला पत्नीने अजून हरकत घेतलेली नाही.

राहिली सर्वांत वरची फळी. तिथे मोठे डबे पुन्हा चढवण्यापूर्वी मी स्टुलावर उभा राहून त्या दिवशीचे वर्तमानपत्र मागितले. तारीख अचूक असावी एवढाच माझा हेतू होता. पत्नी म्हणाली, “अहो, ते मी अजून वाचलेले नाही.” तेव्हा आदल्या दिवशीचे घातले.