मावशीची नागीण आणि बारा तासांची पट्टी

नागिणीचे फोड सुकले, खपल्या पडल्या, तरी आमच्या मावशीच्या डाव्या बरगडीखालची आग काही जाईना. ब्लाउजचं कापड नुसतं घासलं तरी ती कळवळायची. कुणी गेरू लावायला सांगितला, कुणी नागीण उतरवणारा सुचवला. तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, ही भीती तर येणाऱ्या प्रत्येकाने घातली. कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं मज्जातंतूच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि पुन्हा उठतो तेव्हा त्याच नसेच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून पुरळ बहुतेक वेळा अंगाच्या एकाच बाजूला राहतं. पण या सगळ्यात नस दुखावली गेली, तर कातडी बरी झाल्यावरही ती महिनोन्‌महिने ठणकत राहते.

डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला लिग्नोकेनची पट्टी लिहून दिली. चिपळुणात माझं मेडिकलचं दुकान आहे, त्यामुळे ही पट्टी मला नवीन नव्हती. दाढ काढण्याआधी हिरडीत टोचतात तेच हे औषध. १० बाय १४ सेंटिमीटरच्या पट्टीत ५ टक्के, म्हणजे ७०० मिलिग्रॅम. नागिणीनंतरच्या याच दुखण्यासाठी अमेरिकेत तिला १९९९ साली मंजुरी मिळाली.

पहिल्या दिवशी मावशी म्हणाली, "बाय, बधिर तर काहीच झालं नाही. हात लावलेला कळतोय." तसंच होतं. दाढेसारखी जागा पूर्ण बधिर होत नाही. आग आणि चमका कमी होतात, स्पर्श कळतो. हे आधी सांगितलं नाही, तर माणसं एकावर एक पट्ट्या चिकटवत जातात. एका वेळी जास्तीत जास्त तीन, त्याही १२ तासच. मग काढायची आणि पुढचे १२ तास ती जागा मोकळी ठेवायची. मावशीला कपड्याचा त्रास दिवसा, म्हणून सकाळी आंघोळ करून अंग कोरडं केलं की लावायची आणि रात्री जेवणाआधी काढायची. जागा लहान असेल तर मागचा कागद सोलण्याआधी कात्रीने कापून घेता येते. पुरुषांच्या छातीवर केस असतील तर तेही कात्रीनेच कमी करावेत. वस्तऱ्याने कातडी सोलवटते, आणि सोलवटलेल्या किंवा फोड ओले असलेल्या कातडीवर ही पट्टी लावायची नसते. लावल्यावर जळजळ झाली तर लगेच काढायची आणि कातडी शांत झाल्याशिवाय पुन्हा लावायची नाही.

मला सगळ्यात जास्त भांडावं लागलं ते शेकावरून. आमच्याकडे काहीही दुखलं की गरम पाण्याची पिशवी आलीच. पट्टीवर शेक दिला की औषध कातडीतून जास्त वेगाने रक्तात जातं. एरवी नीट वापरलं तर ७०० मिलिग्रॅममधलं तीनेक टक्केच अंगात जातं, आणि पट्टीचा सुरक्षितपणा त्यावरच उभा आहे. ओठांभोवती मुंग्या, तोंडाला धातूची चव, कानात आवाज, गरगरणं, अंधारी, छातीत धडधड यातलं काही जाणवलं तर पट्टी काढून तडक डॉक्टर गाठायचा. लिव्हरचा मोठा आजार असेल, हृदयाचे ठोके नियमित ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा दाताच्या इंजेक्शनची ॲलर्जी आली असेल, तर हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. बधिर करणारं मलमही सोबत लावत असाल तर तेसुद्धा.

दुकानात लोक "दुखण्यावरची पट्टी द्या" एवढंच म्हणतात. पण डायक्लोफेनॅकची पट्टी वेगळी. ती सुजेवर चालते. कॅन्सरच्या रुग्णांना देतात ती फेंटानिलची तर अफूच्या जातीतली, तीन दिवस अंगावर राहणारी. ती चुकून दुसऱ्याने लावली तर श्वास थांबू शकतो. शेजारणीला आराम पडला म्हणून तिची उरलेली पट्टी मागून लावणं मला कधीच पटलेलं नाही. पाकिटावरचं औषधाचं नाव वाचल्याशिवाय कुठलीही पट्टी अंगाला लावू नका.

आणि काढलेली पट्टी! बारा तास वापरली म्हणजे संपली, असं घरात सगळ्यांना वाटतं. तीन टक्के अंगात गेलं, तर बाकीचं आहे कुठे? साडेसहाशे मिलिग्रॅमहून जास्त औषध त्या टाकाऊ पट्टीतच असतं. मावशीचा नातू नुकता रांगायला लागलाय, हाताला येईल ते तोंडात घालतो, आणि घरात मांजर आहे. म्हणून पट्टी काढल्यावर चिकट बाजू आत घालून दुमडायची, झाकणाच्या डब्यात टाकायची आणि हात साबणाने धुवायचे. त्याआधी डोळ्यांना हात लावायचा नाही. नव्या पट्ट्यांचं पाकीटही आता देवघराच्या वरच्या फळीवर असतं. डबा सुनेने रिकामा केला की नाही, हे मावशी रोज रात्री स्वतः बघते.