आमची वाटचाल : संत्र्याच्या कलमांतून घटपर्णीकडे

अमरावती जिल्ह्यातलं शेंदुरजना घाट म्हटलं की संत्र्याची कलमं. आमचंही पिढीजात काम तेच. जंबेरी या रानटी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायचा, पन्नीत काळी माती अन् शेणखत. २०१७ साली मी हौसेनं घटपर्णीची, म्हणजे किडे खाणाऱ्या झाडाची, बारा रोपं मागवली अन् त्याच पन्नीत लावली. दिवाळीपर्यंत अकरा गेली. उपटून पाहिलं तर मुळं काळी, बोटांत धरताच सालपट निघून हाती नुसता दोरा उरला.

"खत कमी पडलं असंल," बाबा म्हणाले.

झालं होतं नेमकं उलटं. हे झाड निकस जमिनीतलं. नत्र मातीतून मिळत नाही म्हणून तर ते पानाच्या टोकाला सुरई धरून किडे पकडते. त्याच्या मुळांना खत सोसत नाही, क्षार सोसत नाहीत आणि तुंबलेलं पाणी तर नाहीच. आमची काळी माती म्हणजे पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात वीट.

मग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सालीचा भुसा, आणलं. पुन्हा पानांची टोकं करपली. पुरवठादार म्हणत होता "धुतलेलं आहे", पण भिजवलेलं पाणी टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, ९०० दाखवत होतं. त्या मीटरनं आमच्या बोअरचंही पितळ उघडं पाडलं : ७८०. इतकी वर्षं संत्र्यानं ते कसं पचवलं, देव जाणे.

आता बारीक कोकोपीट बंदच. नारळाच्या सालीचे जाड तुकडे रात्रभर भिजवतो, चहासारखं लाल पाणी फेकतो, मीटर ५०च्या खाली येईस्तोवर पुन्हा भिजवतो. अशा सालीचे दोन भाग, परलाइट (फुलवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) एक भाग, थोडा कोळसा. स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळलेलं शेवाळ) महाग, म्हणून फक्त मुळांभोवती. कुंडीत पाणी ओतलं की खालून लगेच गळायला हवं, पण मिश्रण मुठीत दाबलं तर ओल लागली पाहिजे. पाणी पावसाचं, टिनाच्या छपरावरून टाकीत भरलेलं. टाकी संपली की आरओचं.

विकतो मुख्यतः व्हेंट्राटा. फिलिपिन्सकडच्या दोन जातींचा हा संकर, आपल्या हवेत त्यातल्या त्यात टिकणारा. मेघालयातली खासियाना ही भारतातली एकमेव घटपर्णी, पण ती धोक्यात आलेली जात, तिच्या नादी आम्ही लागलो नाही.

गिऱ्हाइकांची एक तक्रार ठरलेली : "झाकण मिटत नाही." ते मिटतच नाही हो! किडा काठावरून घसरून आतल्या रसात पडतो, बस. एकानं तर मटणाचा तुकडा टाकला, सुरई सडून घरभर वास.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुहेरी शेडनेट अन् कूलर लावूनही नवी सुरई धरत नाही, पानं तेवढी येतात. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत आम्ही रोपं पाठवत नाही. भाऊ, कितीही आग्रह करा.