मावशींचे खाडे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं हे मला बरेच जण विचारतात, लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, सोसायटीची मीटिंग संपल्यावर. "तुम्ही मावशींचे खाडे कापत नाही म्हणे? मग त्या आमच्याकडेही तेच मागतात." परवा पार्किंगमध्ये तुम्हीही तेच विचारलंत. मला बँकेत पोचायची घाई होती, उत्तर अर्धवट राहिलं.

आधी हे कबूल करते की मीही कापत होते, लग्न होऊन सिंहगड रस्त्यावर राहायला आल्यापासून कितीतरी वर्षं. फ्रिजशेजारी कॅलेंडर असायचं. दूध आलं नाही की तारखेखाली 'दू' लिहायचा, मावशी आल्या नाहीत की फुली मारायची. एक तारखेला दोन्ही हिशोब एकाच बैठकीत व्हायचे. न आलेल्या दुधाचे पैसे द्यायचे नसतात, तसंच हे, असं मी धरून चालले होते. आईच्या घरीही असंच बघितलं होतं.

२०१८ च्या पावसाळ्यात मावशींच्या मुलाला डेंग्यू झाला. त्या सहा दिवस आल्या नाहीत. भांडी आणि केर-फरशीचे तेव्हा मी महिन्याला १८०० रुपये देत होते. दिवसाचे ६०, सहा दिवसांचे ३६० वजा केले आणि उरलेले त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी ते मोजले, पदराला बांधले आणि चपला घालताना एवढंच म्हणाल्या, "पाची घरांचे गेले, ताई."

पाच घरांचा मी कधी विचारच केला नव्हता. सगळीकडे साधारण तेवढाच पगार धरला तर ३६० चे १८०० होतात, म्हणजे एका घराचा अख्खा पगार. आणि तो गेला कधी, तर सलाइन, रक्ताच्या तपासण्या आणि दवाखान्याच्या रिक्षा चालू होत्या त्याच महिन्यात. त्याच पावसाळ्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून मी चार दिवस रजेवर होते. माझा पगार पूर्ण जमा झाला. बँकांना २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवारही सुट्टी आहे. तिच्यासाठी मला कुणाचं तोंड बघावं लागत नाही.

रविवार तर आपण इतका गृहीत धरतो की तो पंचांगातूनच आला असं वाटतं. पण तो मागून, भांडून मिळाला आहे. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना काढली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ज्या 'दीनबंधु'तून लोखंडे कामगारांची बाजू मांडत, ते पत्र १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यातच सुरू केलं होतं. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असंही एक कारण त्या मागणीमागे सांगितलं जातं. मावशींचंही कुलदैवत खंडोबाच. सोमवती अमावस्येला जेजुरीला जायचं तर त्यांना आजही आधी पाच घरांत विचारावं लागतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. मे महिन्यात आपण दहा दिवस कोकणात जातो. जाताना आपणच सांगतो, "मावशी, अमुक तारखेपर्यंत येऊ नका." आणि परत आल्यावर ते दहा दिवस पगारातून वजा करतो. त्या यायला तयार होत्या, कुलूप आपण लावलं होतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये हेच सगळ्या सोसायटीनं केलं. गेट आपण बंद केलं आणि किती घरांनी तेव्हा 'काम नाही तर पगार नाही' म्हटलं, हे तुम्हालाही माहीत आहे.

उशिराचंही तसंच. गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी ते उशिरा आणि कमी दाबानं येतं. आपल्याला ते कळतही नाही, कारण आपली टाकी भरलेली असते. पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत मावशींचं घर आहे. नळाला पाणी येऊन हंडे-बादल्या भरेपर्यंत त्यांना निघता येत नाही. हल्ली गेटवरच्या ॲपमध्ये त्यांची येण्याची वेळ मिनिटासकट दिसते, आपण त्यांना ताऱ्यांत गुणही देतो. नळाला पाणी किती वाजता आलं, हे त्या ॲपमध्ये कुठेच नसतं.

तुम्ही म्हणालात, कायद्यात कुठे आहे पगारी सुट्टी? खरं आहे. १९८० मध्ये याच पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यांची संघटना उभी राहिली. २००८ मध्ये महाराष्ट्रानं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण तो नोंदणीचा आणि कल्याणकारी योजनांचा आहे. आठवड्याची सुट्टी त्यानं मिळत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०११ मध्ये घरकामगारांसाठी जो करार केला, त्यात आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती लिहिलेली आहे. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. म्हणजे सध्या तरी हे माझ्या आणि तुमच्या स्वयंपाकघरातच ठरतं.

आणि गैरफायदा? घेतात कधीकधी. न सांगता दांडी होते, ओट्यावर भांड्यांचा ढीग असतो, घरी पाहुणे असतात, मला रागही येतो. पण बँकेत मी टाकलेली प्रत्येक रजा खऱ्या आजारपणाची नव्हती, आणि त्यासाठी कुणी माझा पगार धरला नाही. मावशींकडून मी माझ्यापेक्षा जास्त सचोटी का मागावी?

त्यामुळे २०१८ पासून आमच्याकडे असं आहे: महिन्याचे चारही रविवार सुट्टी, आजारपण वेगळं, आम्ही गावाला गेलो तर पूर्ण पगार, दिवाळीला एक जादा. फुल्या बंद झाल्या, 'दू' अजून लिहिते.

पण एका घरानं रविवार देऊन भागत नाही, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. माझं काम नसलं तरी बाकीच्या चार घरांसाठी त्यांना वसाहतीतून चालत यायचंच होतं. सकाळ तर गेलीच. म्हणून मी त्या चार घरांत गेले. दोघींनी लगेच हो म्हटलं, एकीनं तर "मला सुचलंच नाही हो" म्हणून चहा केला. राहिलेल्या दोन घरांपैकी एक तिसऱ्या मजल्यावरचं. दुसरं तुमचं.

येत्या रविवारी मावशींच्या लेकीचं डोहाळजेवण आहे, हडपसरला. ओटी भरायची आईनं, आणि दोन बस बदलून जायचं. त्या मला म्हणाल्या, "सातला येऊन दोन्ही घरं उरकते नि तशीच जाते." त्या तुम्हाला स्वतःहून विचारणार नाहीत, मी त्यांना ओळखते. म्हणून मी विचारते आहे. रविवारची भांडी तुम्ही घरच्यांनी मिळून घासाल का? शनिवारी रात्रीच त्यांना तसं सांगा, म्हणजे सकाळी त्या लवकर निघू शकतील.