तुम्ही विचारलंत म्हणून: बीपी नॉर्मल, मग दम कशाचा?

गावी गेलो की हा प्रश्न ठरलेला. मागच्या लग्नात पंगतीत बसलो होतो, वरण-बट्टी नुकती वाढलेली, आणि शेजारून मावशी म्हणे, "तुन्या मायनं बीपी ते नॉर्मल शे, मंग दम काबरं लागस?" मी काहीतरी अर्धवट सांगितलं कारण बट्टी गार होत होती. आता नीट सांगतो.

दंडाला पट्टा बांधून मोजतात ते सगळ्या अंगाचं बीपी. हृदयाची उजवी बाजू रक्त फक्त फुफ्फुसात पाठवते, त्या नळ्या वेगळ्या आणि तिथलं प्रेशर अगदी कमी, सरासरी १४ च्या आसपास. ते २० च्या वर गेलं की पल्मनरी हायपरटेन्शन (आधी २५ ची रेघ होती, अलीकडे खाली आणली). दंडाच्या मशीनला हे दिसतच नाही, त्यामुळे मायचं बीपी नॉर्मल हेही खरं आणि दहा पावलांवर ओट्याला धरून उभं राहावं लागतं हेही खरं.

आम्ही दोन वर्षं "वय झालं" म्हणत काढली. मग पायाला सूज यायला लागली, ओठ निळसर, तेव्हा कुठे टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली. रिपोर्टवर लिहिलेलं, सिव्हिअर पीएएच (पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन), आणि एक आकडा ६८. मी रात्रभर मोबाईलवर पीएएच वाचत बसलो आणि सकाळपर्यंत मनातल्या मनात मायला निरोप देऊन झाला होता. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, अहो आपल्याकडे इकोवाले सरसकट पीएएच लिहितात, खरा पीएएच हा पल्मनरी हायपरटेन्शनच्या पाच प्रकारांतला फक्त एक. शिवाय इकोचा ६८ हा वरचा आकडा, तोही अंदाजाने काढलेला, आणि २० ची रेघ आहे ती सरासरीची, दोन्ही शेजारी ठेवून घाबरायचं नाही. पक्कं मोजायचं तर उजव्या हृदयात कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालावी लागते.

प्रकार मला समजले ते ठिबकमुळे. आमच्याकडे केळी आहे, त्यामुळे प्रेशर का वाढलं हे शोधणं हा रोजचाच धंदा. कधी नळीच आतून बारीक झालेली असते, तो पहिला प्रकार, खरा पीएएच: काहींना घराण्यातून येतो, काहींना स्क्लेरोडर्मासारख्या आजारातून, काहींना जन्मापासून हृदयाला भोक असल्याने, आणि काहींना कारणच सापडत नाही. कधी नळी चांगली पण पुढचा व्हॉल्व्ह अडलेला, मग पाणी मागे तुंबतं. हा दुसरा, डाव्या हृदयाचा, आणि सगळ्यात जास्त पेशंट याचेच. लहानपणी सांधेतापाने व्हॉल्व्ह आकसलेला असेल तर मूळ दुखणं तिथेच असतं, फुफ्फुसात शोधून काय मिळणार? चौथ्यात कचरा अडकतो, म्हणजे जुनी रक्ताची गुठळी, आणि हा प्रकार वेळेत सापडला तर ऑपरेशन करून गुठळी काढता येते, म्हणून त्यासाठीचा व्हीक्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा) टाळू नये. पाचवा म्हणजे संमिश्र. त्यात सिकलसेल हा रक्ताचा आजारही येतो, आणि सातपुड्यात, नंदुरबारकडे सिकलसेलची घरं किती आहेत ते आपल्याला माहितीच आहे.

मायचा तिसरा. फुफ्फुसाचा. बिडीला कधी हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चूल, त्यात कपाशीच्या पऱ्हाट्या, आणि खापरावर मांडे करायचे तर तासन् तास धुरात. त्या धुराने फुफ्फुस खराब झालं, ऑक्सिजन कमी पडायला लागला, आणि फुफ्फुसाची गंमत अशी की जिथे हवा पोचत नाही तिथल्या नळ्या ते स्वतःच आवळून घेतं. बरीच जागा अशी आवळली की प्रेशर वाढतं आणि उजव्या हृदयाची मोटर दमते.

आता माझा मूर्खपणा. धुळ्याच्या पाहुण्यांत एका बाईंना पहिला प्रकार, त्यांना सिल्डेनाफिल नावाच्या गोळीने फरक पडला, त्यांनी व्हॉट्सॲपवर पाकिटाचा फोटो पाठवला. मी मेडिकलवर गेलो, मेडिकलवाल्याने माझ्याकडे बघून जे हसू दाबलं ते मी विसरणार नाही (हो, ती व्हायग्रातलीच गोळी). गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन केला हे नशीब. ते चिडलेच. म्हणे, फुफ्फुसाने खराब भागातल्या नळ्या आवळून रक्त चांगल्या भागाकडे वळवलंय, तुमची गोळी सगळ्याच उघडेल, मग रक्त जाईल जिथे हवाच नाही, ऑक्सिजन आणखी खाली. आणि घरात छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आहे ना, ती याच्यासोबत पडली तर बीपी एकदम कोसळतं.

म्हणून मावशी, कुणी गोळीचं नाव सांगितलं तर आधी विचार, प्रकार कोणता?

मायला आता इनहेलर आणि घरी ऑक्सिजनचं मशीन, रोज किमान पंधरा तास. लाईट गेली की आधी इन्व्हर्टरकडे धावायचं, मग बाकीचं. स्वयंपाक गॅसवरच. फक्त हिवाळ्यात मळ्यात भरताची वांगी पऱ्हाट्यांवर भाजायला घेतली की ती दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला खाट टाकून बसते आणि तिथून ओरडते, फिरवा रे, एका बाजूने कच्ची राहिली.